नैसर्गिक धारेचे दगड : जमवणं, ओळखणं आणि जमलंच तर वापरणं

शाणपट्टी (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज जुन्या बाजारातून आल्यावर राहवलं नाही.

मला दगडांचा नाद आहे. खड्यांचा नाही, पुष्कराज-गोमेदवाल्यांनी इथूनच परत फिरावं. धार लावायचे दगड. सुरी, विळी, वस्तरा, पटाशी ज्याच्यावर घासायची ते. आणि तेही कारखान्यात भाजून बनवलेले नाहीत, डोंगरातून कापून काढलेले. सध्या घरात असे अकरा दगड आहेत. बायकोच्या हिशोबाने चौदा, कारण ती पाटा, खल आणि तुळशीजवळचा गोटा पण माझ्याच खात्यात धरते.

सुरुवात झाली बेल्जियममध्ये. कंपनीच्या कामाने तीन महिने लिएजला होतो, शनिवार-रविवार करायला काही नाही, सगळं बंद. ऑफिसातला एक म्हातारा सुतारकाम करायचा, तो म्हणाला विएलसाल्मला जा ट्रेनने, तिथे जवळ साल्मशातो गावात कोटिक्यूलचं म्युझियम आहे. मला वाटलं चित्रकार असेल कोणीतरी. निघाला दगड. धारेच्या दगडाचं म्युझियम! आपल्याकडे एवढे लोहार झाले, एवढ्या तलवारी झाल्या, पण त्यांना धार कशावर लावली हे कुठल्या म्युझियममध्ये लिहिलेलं बघितलंय का कोणी?

तर कोटिक्यूल. लोण्याच्या रंगाचा, हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखा. आर्डेनच्या डोंगरात जांभळट-निळ्या स्लेटच्या मध्ये याचे पातळ पिवळे पट्टे असतात, काही मिलीमीटर ते काही सेंटीमीटर जाड, बस. ४५ कोटी वर्षांहून जुना गाळ दाबून झालेला खडक आणि त्यात बारीक बारीक गार्नेटचे दाणे ठासून भरलेले. गार्नेट म्हणजे आपला तामडा, पण इथे एकेक दाणा पाच-पंधरा मायक्रॉनचा, डोळ्याला दिसत नाही. दाण्याला बारा पैलू, गोलाच्या जवळ जाणारा आकार, त्यामुळे पोलादाला खोल ओरखडा न काढता वरवर खरवडतो. म्हणून दाढीच्या वस्तऱ्याला हा दगड युरोपात पिढ्यानपिढ्या वापरला. पिवळा भाग पातळ आणि ठिसूळ असल्याने खाली स्लेट चिकटवून विकतात, काही काही ठिकाणी निसर्गानेच जोडून दिलेला असतो, तो महाग.

मी एक छोटा तुकडा घेतला, तेव्हाच्या माझ्या हिशोबाने महिन्याच्या पेट्रोलएवढा. पुण्यात आल्यावर बोहरी आळीतून दोनशे रुपयांचा काळा-करडा दुतर्फा (एक बाजू खरबरीत, एक बारीक) कार्बोरंडमचा, म्हणजे कारखान्यातला दगड पण आणला, खरबरीत कामाला. आणि खरं सांगतो, पहिले सहा महिने माझी सुरी त्या दोनशेवाल्यावरच जास्त चांगली व्हायची. कोटिक्यूलवर मी नुसता घासत बसायचो.

हे आधीच सांगतोय कारण पुढे मी बरंच कौतुक करणार आहे. दगड जमवणं आणि धार लावणं हे दोन वेगळे छंद आहेत, पहिला महाग आहे, दुसरा अवघड आहे, आणि पहिला केला की दुसरा येतो असं समजून मी तीन वर्षं घालवली.

आता मुद्द्याचं. आज जुन्या बाजारात एका फाटक्या धोकटीत, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांच्या पिशवीत, हा दगड मिळाला. धोकटी विकायला ठेवलेली, आत गंजलेली कात्री, एक मूठ तुटका वस्तरा, पितळी वाटी आणि हा. साडेपाच इंच लांब, दीड इंच रुंद, रंग करडा पण पाण्यात हिरवट मारतो. वरची बाजू घोड्याच्या खोगिरासारखी खोल गेलीय. विकणारा म्हणाला 'साहेब जर्मनी आहे'. त्याच्याकडे सगळंच जर्मनी असतं, मागच्या आठवड्यात बत्ता पण जर्मनी होता. पाचशे सांगितले, दीडशेत दिला.

हा काय असावा? फोटो पाचदा चढवला, चढत नाहीये, वर्णनावरून सांगा.

टवाळ_कार्टं (रात्री १०:५८)

दगडाच्या देशा म्हणतात ते खरं, त्यात बेल्जियमहून दगड आणणारा माणूस पहिल्यांदा बघितला. कस्टमवाल्याला काय सांगितलंत, स्मगलिंग ऑफ दगड?

शाणपट्टी (रात्री ११:०३)

@टवाळ, कस्टमवाल्याने खरंच विचारलं होतं. स्कॅनरमध्ये वीट दिसली त्याला. मी म्हणलं धार लावायचा दगड. तो म्हणाला इथे मिळत नाही? मग मी दहा मिनिटं गार्नेटबद्दल बोललो आणि त्याने मला जाऊ दिलं, मागे लाइन होती.

डेक्कन_ट्रॅप (रात्री ११:३५)

बाकीच्यांसाठी आधी दोन शब्द, कारण हा प्रश्न मला पोरं ट्रेकला गेलं की हमखास विचारतात, 'सर आपला काळा दगड चालेल का?'

नाही. म्हणजे चालतो, पण भागवाभागवी. सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, दोघांची कठीणता खनिजांच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर साधारण सहा. कडक केलेलं चांगलं पोलाद साडेसहाच्या आसपास जातं. म्हणजे दगडच पोलादापेक्षा थोडा मऊ, तो काय कापणार. कोयता-विळा मऊ लोखंडाचा असेल तर निभावतं, म्हणून गावात विहिरीच्या काठावर, पायरीवर घासलेल्या खुणा दिसतात. धारेच्या दगडाला लागतं काय, तर सातच्या आसपास किंवा वरचे कठीण दाणे (क्वार्ट्झ, गार्नेट, कुरुंद), सगळे एका मापाचे आणि बारीक, आणि त्यांना धरून ठेवणारी अशी माती जी हळूहळू झिजून नवे दाणे वर आणेल. हे तिन्ही एकत्र जमणं हा योगायोग आहे, म्हणून जगात चांगले दगड मोजक्याच डोंगरांत मिळतात.

जांभा विसरा, नुसती भोकं. कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुनखडक, कॅल्साइटची कठीणता तीन. कडप्प्याच्या ओट्यावर सुरी घासून 'धार आली' म्हणणारे लोक आहेत, त्यांनी ओटा पॉलिश केला एवढंच.

कुरुंद मात्र आपला. कोरंडम हा इंग्रजी शब्दच तमिळ कुरुंदमवरून गेला. हिऱ्याच्या खालोखाल, कठीणता नऊ. कुरुंदाची पूड लाखेत कालवून त्याची चाकं करायचे, शिकलगार त्यावरच तलवारी पाजवायचे.

@शाणपट्टी, तुमच्या दगडाच्या तीन चाचण्या करा. एक, कोपऱ्यावर लिंबाचा रस टाका. फेस आला किंवा डाग पडला तर चुनखडक, दीडशे गेले. दोन, पाण्यात ओला करून सुरी पन्नासदा घासा, पाणी काळं झालं तर तो पोलाद कापतोय, दगडाच्याच रंगाचं झालं तर नुसता दगड झिजतोय. तीन, घनता. किचनचा काटा असेलच घरी.

नुसतीच_वाचक (रात्री ११:५१)

लिंबाचं अगदी खरं. आमच्या ओट्यावर लिंबू कापलं की पांढरा डाग पडतो आणि सासूबाई म्हणतात मी ओटा खराब करते. आता त्यांना कॅल्साइट सांगते.

अर्धवट_शेफ (सोमवार, सकाळी ७:१५)

दुबईत हॉटेल लाइनमध्ये आहे. इथे आमच्या किचनमध्ये सगळे १००० आणि ३००० नंबरचे सिंथेटिक वापरतात, दहा मिनिटांत काम. नॅचरल दगडाला नंबरच नसतो मग कळतं कसं कुठून कुठे जायचं?

शाणपट्टी (सकाळी ८:४०)

@शेफ, नंबर नसतो हेच तर. सिंथेटिकमध्ये दाणे चाळून एका मापाचे घातलेले असतात म्हणून १००० म्हणजे १०००. नैसर्गिकमध्ये एकच दगड दोन वेगळी कामं करतो. कोटिक्यूलचंच घ्या, त्यावर छोटा जोडदगड घासून दुधासारखा लगदा केला की दाणे मोकळे होऊन गडगडतात आणि पटकन कापतात. मग एकेक थेंब पाणी घालत लगदा पातळ करत न्यायचा, शेवटी नुसतं पाणी. जसजसं पातळ तसतसं बारीक. याला डायल्यूकॉट म्हणतात, वस्तरेवाल्यांची खास पद्धत आहे. दगड बदलायचा नाही, पाणी बदलायचं. कधी थांबायचं हे हाताला कळतं, दगड पात्याला ओढून धरायला लागतो, चिकटल्यासारखं वाटतं.

हॉटेलात हे करत बसलात तर मालक हाकलून देईल. तुमचं बरोबर आहे, रोजच्या कामाला सिंथेटिकच.

ओसाकावासी (सकाळी ९:०५)

वा, आमचा विषय निघाला. मी इथे अकरा वर्षं आहे, घरापासून क्योटो तासाभरावर. क्योटोच्या पश्चिमेच्या डोंगरात नारुताकी, नाकायामा, ओझुकू, ओहिरा अशा खाणी, बहुतेक आता बंद. त्यामुळे जे दगड बाजारात फिरतात ते जुन्या साठ्यातले, आणि भाव विचारू नका. खोल समुद्राच्या तळाशी रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे सिलिकाचे सांगाडे आणि मातीची धूळ साचून झालेला दगड. शेवटच्या हातासाठीच्या दगडांना इथे आवासेदो म्हणतात.

शेफभाऊंच्या प्रश्नाला जोडून, सिंथेटिक असताना लोक यासाठी पैसे का घालवतात त्याचं एक कारण दिसण्यात आहे. जपानी सुरीत मधे कडक पोलाद आणि बाहेरून मऊ लोखंड जोडलेलं असतं. नैसर्गिक दगडावर मऊ लोखंड धुक्यासारखं मंद होतं आणि धारेचं पोलाद त्यापेक्षा चमकदार राहतं, मधली सीमारेषा स्पष्ट उमटते. याला कासुमी म्हणतात, म्हणजे धुकंच. बहुतेक सिंथेटिकवर दोन्ही सारखंच चकचकीत होतं. तलवारीला पॉलिश करणारे तर उचिगुमोरी नावाच्या दगडाच्या नखाएवढ्या चकत्या करतात, मागे कागद चिकटवतात आणि अंगठ्याने पात्यावर फिरवतात. म्हणजे दगड हलतो, तलवार जागेवर.

मी एकदा दुकानात विचारलं यातला सगळ्यात चांगला कुठला. दुकानदार आजोबांनी उलट विचारलं, सुरी कुठली आहे. मी म्हणलं सुरी अजून घ्यायचीय. त्यांनी दगड परत कपाटात ठेवला.

सुरमई_प्रेमी (सकाळी ११:२०)

जपान बेल्जियम सगळा ठीक हा, पण आमच्या सिंधुदुर्गात येऊन बघा. माझो आजो माडावर चढायचो. माडी काढणाऱ्याची काती एवढी धारदार लागते की पोगी (माडाचा न उमललेला फुलोरा) कापताना चिरडता नये, चिरडली की रस बंद. त्याच्याकडे दगड नव्हता, फळी होती. हातभर लाकडाची फळी, मऊसर लाकडाची, तिच्यावर पांढऱ्या गारगोटीची भुकटी. गारगोटी चुलीत लाल करायची, पाण्यात टाकायची, ती तडकते, मग कुटायची आणि फडक्यातून चाळायची. चिमूटभर फळीवर टाकून काती पालथी-उलथी मारायची, चर्र चर्र आवाज. सकाळ-संध्याकाळ दोन वेळ, चढायच्या आधी.

आता मला सांगा हा नैसर्गिक दगड धरायचा की नाय?

डेक्कन_ट्रॅप (दुपारी १२:०२)

शंभर टक्के धरायचा. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, कठीणता सात. भाजून पाण्यात टाकली की तडे जाऊन कुटायला सोपी होते. आणि लाकडात दाणे रुतून बसतात, त्यामुळे फळीच दगड होते, मऊ असल्याने शेवटचा हात मारायच्या चामड्याच्या पट्ट्याचंही काम करते. केरळातले ताडीवाले पण अशीच फळी-भुकटी वापरतात.

फक्त एक. ही भुकटी कोरडी कुटताना नाक-तोंड बांधा. क्वार्ट्झची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो. खंबायतचे अकीक घासणारे कारागीर त्यापायी गेलेत. धारेचा दगड सपाट करतानासुद्धा कायम ओलाच घासायचा, कोरडा कधीच नाही. हे ठळक अक्षरात वाचा.

सुरमई_प्रेमी (दुपारी १२:१०)

आजो खोकायचो खूप. आम्ही विडीला दोष द्यायचो.

कृष्णाकाठ (दुपारी ३:३०)

धागा कालपासून वाचतोय, लिहू का नको करत होतो. माझे वडील न्हावी. कऱ्हाडजवळच्या गावात बलुतं होतं, नंतर स्टँडसमोर टपरी. शाणपट्टी, तुम्ही धोकटीचं लिहिलंत, तसलीच आमच्या माळ्यावर आहे.

आम्ही दगडाला पथरी म्हणायचो. वडील रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी पथरीवर दोन-तीन थेंब पाणी टाकून वस्तरा फिरवायचे, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे. टोकाला आला की पाठीवर उलटा करायचा, धारेवर कधी उलटायचा नाही, माझी पहिली टपली त्याच्यासाठी बसलीय. मग चामड्याचा पट्टा, आणि अगदी शेवटी तळहातावर चार हात. आम्ही पोरं बघत बसायचो की आता हात कापेल. कधीच कापला नाही, पट्ट्यावर आणि हातावर धार मागे ठेवून ओढतात ना.

नंतर एड्सची भीती आली, गिऱ्हाईक विचारायला लागलं नवीन ब्लेड टाकलं का. मग तो अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तरा आला आणि पथरी धोकटीत गेली. ती तेव्हापासून आतच आहे. वडिलांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या मते ब्लेडची दाढी म्हणजे दाढी नाही, ते हजेरी लावणं आहे.

आता तो दगड काढावा म्हणतोय. मधे खूप खोल गेलाय. सपाट करावा लागेल का?

शाणपट्टी (दुपारी ४:१५)

@कृष्णाकाठ, तुम्ही पाच ओळीत जे सांगितलंत ते शिकायला मला दोन वर्षं लागली आणि एक वस्तरा वाया गेला. पाठीवर उलटायचा हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सपाट करावा लागेल हो. वस्तऱ्याला तरी नक्की. खोलगट दगडावर धारेची टोकं जास्त झिजतात आणि पात्याचा आकार बिघडतो. कृती सोपी आहे. जाड काचेवर किंवा सपाट लादीवर २२० नंबरचा काळा वॉटर पेपर, भरपूर पाणी, दगडावर पेन्सिलने चौकटी आखायच्या आणि घासायचं. रेघा सगळीकडून गेल्या की सपाट. मग ४००, मग ६००. कडा थोड्या गोल करा नाहीतर टवके उडतात.

पण आधी एक बघा, तेल प्यालेला आहे का. तेलाचा दगड असेल तर पाणी थेंब होऊन घरंगळतं. एकदा तेलात गेलेला दगड तेलातच ठेवलेला बरा. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला नोव्हाक्युलाइट तसला, हॉट स्प्रिंग्सच्या आसपासचा, जवळजवळ निव्वळ सिलिका, इतका घट्ट की वर्षानुवर्षं झिजत नाही. नाव पण बघा, लॅटिनमध्ये नोव्हाक्युला म्हणजे वस्तरा. त्याला हलकं तेल लागतं, शिलाई मशीनचं चालतं. गोडेतेल लावू नका, वाळून चिकट होतं आणि दगड बुजतो. माझा एक असाच गेला होता, सोडा टाकून उकळला तेव्हा थोडा मोकळा झाला, घरभर खवट वास, त्या दिवशीचं जेवण बाहेर.

टवाळ_कार्टं (दुपारी ४:२२)

दगड उकळून पिल्याने मूतखडा जातो का बघा.

बाय द वे 'शाणपट्टी' नाव घेऊन सगळ्यांना शिकवताय, नाव सार्थ केलंत.

शाणपट्टी (दुपारी ४:३०)

संस्कृतात शाण म्हणजे धारेचा दगड, बाळा. आणि मराठीत निसणा. निसणे म्हणजे धार लावणे. आजी भाजी निसायची ते वेगळं. हा शब्द परत वापरात आणायला पाहिजे, 'शार्पनिंग स्टोन' म्हणताना जिभेची धार जाते.

चाचण्यांचे निकाल. लिंबू टाकलं, काही नाही, फेस नाही डाग नाही. व्हिनेगर पण टाकलं. खिळ्याने ओरखडा काढला तर जेमतेम रेघ. पन्नासदा सुरी घासली, पाणी काळपट राखाडी झालं, म्हणजे कापतोय, पण हळू. घनता अशी काढली: कोरडं वजन ४०६ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य केला, दगड दोऱ्याने बांधून पाण्यात लटकता ठेवला, तळाला न टेकवता. काटा १४८ दाखवतो. ४०६ भागिले १४८, २.७४. बायको म्हणाली दूध उतू गेलं तेव्हा एवढं लक्ष नव्हतं.

डेक्कन_ट्रॅप (संध्याकाळी ६:५०)

सुंदर. मग बघू. चुनखडक नाही, लिंबाने बाद. नोव्हाक्युलाइट शुद्ध क्वार्ट्झच्या म्हणजे २.६५ च्या वर जात नाही, तोही बाद. कोटिक्यूल गार्नेटमुळे जड, हातातच कळतो, आणि रंगही जुळत नाही. बेसाल्ट बहुधा आणखी जड भरतो आणि एवढा मुलायम लागत नाही. २.७४, करडा-हिरवट, हळू पण बारीक कापणारा, म्हणजे स्लेट कुळातला. कडेने बघा, पत्त्यांच्या कॅटसारखे समांतर थर दिसतात का?

शाणपट्टी (संध्याकाळी ७:२०)

दिसतात! भिंगातून अगदी स्पष्ट. मग जर्मनी म्हणाला ते खरं की काय? जर्मनीतल्या थुरिंगियाचे दगड असेच करडे-हिरवे असतात, एशर या विक्रेत्याच्या लेबलचे, जुने वस्तरेवाले त्यासाठी जीव टाकतात. माझ्या छातीत धडधडतंय.

डेक्कन_ट्रॅप (संध्याकाळी ७:४५)

शांत व्हा. करडी-हिरवट स्लेट वेल्समध्ये आहे, थुरिंगियात आहे, आपल्याकडे हिमाचलात आहे, घरांच्या छपरांवर घालतात. थुरिंगियाच्या दगडांची ओळख त्याच्यावर चिकटवलेल्या कागदी लेबलवरून व्हायची. लेबल गेलं की गोत्र गेलं. खनिजांवरून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली काही सांगता येईल, पण त्यासाठी दगड कापावा लागेल.

शाणपट्टी (संध्याकाळी ७:५१)

कापणार नाही.

ओसाकावासी (रात्री ८:१०)

मग झालं, जर्मनीच समजा. इथेही तेच चालतं, शिक्का असला की किंमत तिप्पट, आणि शिक्के खोटे पण मारतात.

नुसतीच_वाचक (रात्री ९:३०)

एक साधा प्रश्न, हसू नका. मला वस्तरा नाही, जपानी सुरी नाही. माझ्याकडे विळी आहे आणि एक स्टीलची सुरी जी टोमॅटोची साल सोडून बाकी सगळं कापते. पूर्वी सायकलवाला यायचा धार लावायला, तो येईनासा झाला. कपाच्या बुडाला घासते सध्या. कुठला दगड घेऊ? आणि विळी दगडावर कशी घासायची, ती तर पाटाला ठोकलेली आहे.

सुरमई_प्रेमी (रात्री ९:४१)

ताई, विळी दगडाकडे न्यायची नाय, दगड विळीकडे न्यायचो. आमच्याकडे विळीला आडोळी म्हणतात. पाटावर बसा, पाय नेहमीसारखो, दगड ओलो करून हातात धरा आणि पात्याच्या पोटापासून टोकाकडे पाठीच्या बाजूने फिरवा, बोटं दगडाच्या मागे ठेवा कडेच्या बाहेर नको.

शाणपट्टी (रात्री १०:०५)

हसतोय कोण, हाच खरा प्रश्न आहे धाग्यातला. कपाचं बूड वाईट नाही, बिनचकाकीची कडा असते ती कठीण असते, पण अरुंद, कोन धरता येत नाही.

नैसर्गिक वगैरे काही घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात दुतर्फा दगड मागा, सहा-आठ इंची. ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. सुरी किती उचलायची, तर पाठीखाली दोन रुपयांची तीन नाणी मावतील एवढी, रुंद सुरी असेल तर चार. एका बाजूने घासत राहायचं जोवर दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागत नाही. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. बर सगळ्या लांबीवर आली की बाजू बदला, परत बर, मग बारीक बाजूवर हलक्या हाताने तेच, शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर धार मागे ठेवून दहा वेळा ओढा. बर यायच्या आधी थांबलात तर काहीच झालेलं नसतं. मी अकरा दगड घेऊन हेच चुकत होतो, दगड बदलत गेलो आणि बर एकदाही पूर्ण काढली नव्हती.

अर्धवट_शेफ (रात्री १०:४८)

बर वाला पॉइंट सोन्याचा. आमच्याकडे नवीन पोरांना आठवडाभर हेच करायला लावतात.

नॅचरल मधला एखादा स्वस्तात मिळेल का मग, भारतातला? सुट्टीत येतोय डिसेंबरात.

डेक्कन_ट्रॅप (रात्री ११:१५)

विदर्भात या. कामठी सँडस्टोन, नावच नागपूरजवळच्या कामठीवरून पडलंय. क्वार्ट्झचे दाणे, लोहाने लालसर. जिथे बारीक दाण्याचा, हाताला एकसारखा थर मिळतो तिथला तुकडा कोयत्या-कुऱ्हाडीला उत्तम. सुरीला पहिला हात मारायलाही चालेल. सिंधुदुर्गात पण क्वार्ट्झाइट आणि शिस्ट आहेत, तिकडचा खडक सह्याद्रीपेक्षा वेगळा आणि कितीतरी जुना. ओढ्यात गुळगुळीत झालेले तुकडे वेचा आणि वर सांगितलेली पाणी काळं होण्याची चाचणी तिथेच करा, खिशात गंजकी सुरी ठेवून. दहा दगडांतले नऊ नापास होतात.

गडकिल्ले, लेणी, देवळांच्या आवारातून काहीही उचलू नका, सुटा पडलेला असला तरी. बल्लारीजवळ संगनकल्लूला नवाश्मयुगातल्या लोकांनी दगडी कुऱ्हाडी घासून घासून खडकावर चर पाडलेत, हजारो वर्षांपूर्वीचे. तसलं काही दिसलं तर फोटो काढा आणि पुढे चला.

टवाळ_कार्टं (रात्री ११:२२)

म्हणजे दगडाला दगडावर धार. आता कळलं हा नाद किती जुना आहे ते, वहिनींना सांगा.

कृष्णाकाठ (पुढचा रविवार, दुपारी १:१०)

गावी जाऊन आलो. माळ्यावरून धोकटी काढली, उंदरांनी पट्टा खाल्लाय, पथरी तशीच. हिरवट नाही, काळपट, थर दिसतात. लिंबाने काही होत नाही, पाणी घरंगळत नाही.

वॉटर पेपर, काच सगळं घेऊन गेलो होतो. ओसरीवर मांडून बसलो आणि त्या खोलगट बाजूवर पेन्सिलने चौकटी आखल्या. मग घासवेना. चाळीस वर्षांचा खड्डा आहे तो, रोज थोडा थोडा. वडील खाटेवरून बघत होते, म्हणाले पालथा कर की, मागची बाजू कशाला आहे. एवढं साधं मला सुचलं नाही. मागून घासला, पाऊण तास, सपाट झाला, कडा मोडल्या.

तुटक्या मुठीचा त्यांचाच वस्तरा होता, गंज काढला आणि फिरवायला लागलो. मी आपलं तुमच्या सांगण्यावरून पाणी, लगदा, पातळ करणं. वडिलांना बघवेना. डोळ्याला नीट दिसत नाही आता, हात पण थरथरतो. म्हणाले पाणी किती ओततोस, वस्तऱ्याला आंघोळ घालतोस का, आण इकडे. हातात घेतला तर थरथर तशीच, पण वस्तरा दगडाला टेकला की थांबायची. बहुतेक पाठ टेकलेली असते ना म्हणून. पंधरा-वीस हात मारले, कान लावून ऐकत होते, बघत नव्हतेच. मग तळहातावर चार.

माझ्या मनगटावरचे केस उडाले. दाढी मात्र करू दिली नाही मी, आई ओरडली दोघांना.

नुसतीच_वाचक (दुपारी २:४५)

कृष्णाकाठ, वाचून छान वाटलं.

माझा अहवाल: दुतर्फा दगड एकशे ऐंशीला मिळाला. बर आली, नक्की आली, मी तीनदा बोट फिरवून बघितलं. टोमॅटो कापला, साल पण. विळीला सुरमई दादांच्या पद्धतीने केलं. नारळ खोवताना काही फरक नाही, ती खोवणी वेगळीच असते हे नंतर कळलं. अंगठ्याला बँडेड आहे, दगड धुताना नाही, नंतर कोथिंबीर निवडताना लागलं, विळी एवढी कापेल याची सवयच नव्हती.

शाणपट्टी (दुपारी ३:००)

@नुसतीच_वाचक खोवणीला दगड नको, बारीक कानस घ्या, तीन कोनी. एकेक दात आतून, बाहेरून नाही.

@कृष्णाकाठ कान लावून ऐकत होते म्हणालात, आवाज कसा येत होता? सुरुवातीला आणि शेवटी काही फरक? विचारून सांगा ना, पुढच्या वेळी जाल तेव्हा.